गोड पेल्यातला छुपा पेग

गेल्या हिवाळ्यात घोडेगावातील माझे एक जुने रुग्ण मुलगा-सुनेबरोबर गोव्याला गेले होते. वय ७२. सारे आयुष्य कांद्याच्या शेतीत आणि लिलावाच्या धावपळीत गेलेले. घरचे सगळे त्यांना आबा म्हणतात. मधुमेह १५ वर्षांचा. त्यासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनच्या गोळ्या चालू. मद्याची सवय कधीच नव्हती.

पहिल्याच संध्याकाळी मुलाने हौसेने त्यांना समुद्रकाठच्या एका देखण्या हॉटेलच्या बारमध्ये नेले. समोर आला तो कोकमाच्या रंगाचा पेला. काठाला तिखटमीठ, वर कढीपत्त्याची डहाळी. "हे तर आपलं कोकम सरबत!" म्हणत आबांनी तो संपवला आणि दुसराही घेतला. संध्याकाळची गोळी वेळेवर घेतली होती; जेवण मात्र गप्पांत राहून गेले.

पहाटे आबा घामाने भिजले होते, असंबद्ध बरळत होते. तोंडाला वास येत होता. "चढली आहे, झोपू दे," मुलगा म्हणाला. सुनेचे मन मानेना. तिने ग्लुकोमीटर काढून रक्तातील साखर तपासली: ४४. नशा उतरेल म्हणून त्यांना तसेच झोपू दिले असते, तर ती झोप जिवावर बेतली असती.

पेल्यात नेमके किती?

मिश्रपेयाची कला आपल्याला परकी नाही. इंग्रजीतील 'पंच' हा शब्द आपल्या 'पाच'वरून गेला, असे मानले जाते. मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला हे त्याचे पाच घटक. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलातील हार्बर बार तर १९३३ पासून चालू आहे. काजूच्या बोंडांपासून गाळलेल्या गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि आज ती कोकम, आले, मिरची यांच्या संगतीने उंची बारमध्ये मानाने मिरवते.

अडचण चवीची नाही, मापाची आहे. ३० मिलिलिटरच्या एका लहान पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असते. मिश्रपेयात बहुधा असे दोन पेग मिसळतात. साखर, आंबटपणा आणि बर्फ यांमुळे ते जिभेला कळत नाहीत. आबांनी 'दोन सरबते' घेतली. शरीराने बहुधा चार पेग मोजले. 'लाँग आयलंड आइस्ड टी' या नावात चहा असला, तरी पेल्यात चहा नसून चार-पाच प्रकारची मद्ये असतात.

वय आणि औषधे

उतारवयात शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते. त्यामुळे तेवढेच मद्य रक्तात अधिक तीव्र होते. उपाशीपोटी रक्तातील साखर टिकवण्याचे काम यकृत करते. मद्य नेमके त्या कामात अडथळा आणते. त्यात ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल आणि जेवण राहिले असेल, तर साखर झपाट्याने उतरू शकते, कधी कधी काही तासांनी, झोपेत. घाम, थरथर, बरळणे, झोकांडी ही तिची लक्षणे हुबेहूब नशेसारखी दिसतात.

रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर मद्य घेतल्यास उठताना भोवळ येते. अनोळखी न्हाणीघरात पडून खुबा मोडायला एवढे पुरते. झोपेच्या गोळ्यांबरोबर श्वास मंदावू शकतो. वॉरफॅरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे, की आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. अशी औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांनी बिनमद्याचाच पेला मागवावा, हा माझा सल्ला.

सोबत असणाऱ्यांसाठी

• प्रवासापूर्वी औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा आणि मद्याचा प्रश्न संकोच न करता विचारा. 'आज घ्यायची आहे' म्हणून गोळी परस्पर बंद करू नका.

• पेला येण्याआधी विचारा: यात मद्य आहे का, किती मिलिलिटर, साखर किती? बिनमद्याच्या पेयातही साखरेचा पाक असू शकतो.

• ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजची पुडी हाताशी ठेवा. जेवणाची वेळ चुकवू नका.

• मधुमेही व्यक्ती बरळू लागली, तर आधी साखर तपासा. ती ७० पेक्षा कमी असेल आणि व्यक्ती गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा आणि मग खायला द्या. यंत्र नसेल, तरीही साखर द्या. शुद्ध नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. गोळ्यांमुळे साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवा.

आबांना सुनेने साखरपाणी दिले आणि थेट रुग्णालयात नेले. दोन दिवसांत ते सावरले. माझी चूक मात्र मला लागून राहिली. १५ वर्षांपूर्वी त्यांनी 'घेत नाही' म्हटले, ते मी कागदावर लिहिले आणि नंतर कधी विचारलेच नाही. आता प्रवासाला निघालेल्या प्रत्येक ज्येष्ठाला विचारतो.

आबाही बदलले आहेत. परवा दवाखान्यात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पुण्याला नातवाबरोबर गेलो होतो तशाच एका हॉटेलात. आधी विचारलं, बाबा रे, ह्यात काय काय घातलंय?" मग बिनमद्याचे, बिनसाखरेचे कोकम घेऊन ते नातवाशेजारी तासभर गप्पा मारत बसले होते.