तोतलाडोहात जाळे कोणी टाकायचे?

नागपूरच्या नळांना येणारे पेंच नदीचे पाणी आधी तोतलाडोह धरणात साठते. हा जलाशय महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांत पसरला आहे आणि दोन्हीकडे पेंच राष्ट्रीय उद्यान आहे. म्हणून इथल्या माशांना मासेमारीसाठी तलावाचा लिलाव करण्याचा नियम चालत नाही, वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू होतो.

उद्यानासाठी उठवलेल्या आदिवासींच्या 305 कुटुंबांना मध्य प्रदेश सरकारने मासेमारीचे परवाने दिले. या परवान्यांविरुद्ध एक संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. झाडतोड होईल, मगरी, कासवे आणि स्थलांतरित पक्षी बिथरतील, अशी अर्जदार संस्थेची भीती होती. ती अनाठायी नव्हती. पण पिढ्यान्‌पिढ्या त्याच पाण्यावर जगलेल्या माणसांनी मग खायचे काय, हा प्रश्नही तितकाच खरा होता. न्यायालयाने 1997 साली परवाने कायम ठेवले, मात्र कडक अटींसह. परवान्यावर छायाचित्र हवे. ये-जा ठरलेल्या रस्त्यानेच करायची, जंगलातून आडवाटेने नाही. काठावर स्वयंपाकासाठीसुद्धा चूल पेटवायची नाही, कचरा टाकायचा नाही. रोज किती मासळी निघाली याची नोंद ठेवायची. या नोंदीचे मोल मला सर्वांत मोठे वाटते, कारण तिच्याविना डोहात किती मासा उरला हे कळण्याचा मार्ग नाही.

महाराष्ट्राच्या बाजूला मात्र राष्ट्रीय उद्यानात मासेमारीला बंदी आहे.