‘गाडी सरळच जाता!’

मालवणात बर्फ दिसतो तो धक्क्यावर, सुरमई-पापलेटच्या पेट्यांत. तरीही माझ्याकडे गाडी शिकून पुढे नोकरीसाठी मॉन्ट्रियलला गेलेल्या एका मुलाने डिसेंबरात फोन करून विचारलं, ‘‘काकी, बर्फात गाडी कशी चलवूची?’’ मी काय सांगणार, असं म्हणेपर्यंत त्याने पुढचं वाक्य टाकलं, ‘‘स्टेरिंग फिरवलंय, पण गाडी सरळच जाता!’’

हे वाक्य मी दर वर्षी जूनमध्ये ऐकते. म्हणून नेहमीचाच प्रश्न केला, ‘‘पाय खंय होतो तुजो?’’

‘‘ब्रेकार.’’

मग पुढचं सगळं मला सांगता आलं, बर्फ न बघताही. गाडीचा एक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण तळहाताएवढा. असे चार तळहात, त्यांवर टनभर लोखंड. टायरची पकड ठरावीक असते आणि थांबणं, वळणं, वेग घेणं ही तिन्ही कामं त्याच पकडीतून होतात. कोरड्या डांबरावर ती इतकी असते, की दोन कामं एकदम केली तरी खपून जातं. निसरड्यावर खपत नाही. सगळी पकड ब्रेकने खाल्ली तर वळायला उरत नाही, आणि चाकं तिरकी असूनही गाडी नाकासमोर जात राहते. अशा वेळी नवशिका स्टिअरिंग आणखी पिळतो, आणि नेमकं तेच करायचं नसतं. ब्रेक सैल सोडायचा, स्टिअरिंग किंचित सरळ करायचं, चाकांना रस्ता पुन्हा धरू द्यायचा. मगच वळायचं. शिकवायला दोन मिनिटं लागतात. घाबरलेल्या पायाला ते पटायला पूर्ण पावसाळा जातो.

फरक किती पडतो ते आकड्यांतच बघा. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी करकचून ब्रेक दाबल्यावर कोरड्या डांबरावर साधारण 20 मीटरमध्ये थांबते. ओल्या रस्त्यावर 35 मीटर लागतात, दाबल्या गेलेल्या बर्फावर 70 आणि गोठलेल्या काचेसारख्या थरावर 140 मीटर. तुमचा पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंत कापलेलं अंतर यात धरलेलंच नाही.

मुलाचा दुसरा प्रश्न माझ्या जास्त आवडीचा होता. कडाक्याच्या थंडीत गाडी बरी चालते, पण तापमान शून्याच्या आसपास आलं की घसरते, असं का? कारण तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो. आपल्याकडेही मुसळधार पावसापेक्षा पहिली सर वाईट. आठ महिने रस्त्यावर साचलेलं तेल, टायरचा झिजलेला रबर आणि धूळ पहिल्या शिंतोड्यांत कालवली जाते. त्यात मालवणची भर म्हणजे मासळीच्या गाड्यांतून गळणारं पाणी, सड्यावरच्या चिरेखाणींतून टिपरच्या चाकांना चिकटून आलेली तांबडी माती आणि पुढे श्रावणापर्यंत झाडांच्या सावलीत धरलेलं शेवाळ. दोन दिवस धो धो कोसळला की रस्ता निदान धुऊन तरी निघतो. कुंभारमाठहून मालवणात उतरताना मी शिकाऊ मुलांना पहिल्या सरीत मुद्दाम नेते, दुसऱ्या गिअरमध्ये. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

आंबोलीची गोष्ट निराळी. तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये अर्धा महाराष्ट्र धबधब्याखाली उभा असतो. घाट उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, हा जुन्या ड्रायव्हर लोकांचा नियम आजही खरा आहे. फक्त क्लच हळू सोडायचा. ओल्यात खालचा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडला, तर इंजिन चाकांना ब्रेकसारखंच अडवतं आणि गाडी घसरते. आणि धुकं पडलं की चारही इंडिकेटर लुकलुकवत गाडी हाकण्याची जी टूम निघाली आहे, तिने मला संताप येतो. तुम्ही वळणार आहात की बंद पडला आहात, हे मागच्याने कसं ओळखायचं? खालचा झोत लावा, वेग कमी करा, बास.

मुंबई-गोवा महामार्ग आपल्या जिल्ह्यात चौपदरी झाला आणि इथल्या लोकांना एक नवा धोका भेटला. काँक्रीटवर पाणी साचलेलं असताना ठरावीक वेगापुढे टायर पाण्याला बाजूला सारू शकत नाही, उलट त्याच्यावर चढतो. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. 1963 साली नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरवरून यासाठी एक सूत्र मांडलं. त्याप्रमाणे 32 पौंड हवा असलेला टायर ताशी 94 किलोमीटरच्या आसपास तरंगू लागतो, 20 पौंडांवर 75 च्या आसपासच. टायर गुळगुळीत झाला असेल तर भरवसा याहूनही कमी. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. कायदा 1.6 पर्यंत चालवून घेतो, मी पावसाळ्यात तीनच्या खाली गेलेला टायर ठेवत नाही.

मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्युबेकमध्ये तर 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. साध्या टायरचा रबर सात अंशांच्या खाली कडक होऊ लागतो, हिवाळी टायरचा मऊ राहतो. मुलगा आधी किमतीवरून कुरकुरला. मी म्हटलं, ‘‘बाबा, घे.’’

खोल बर्फाचा भाऊबंद मात्र आंबोलीत नाही, तारकर्ली-देवबागच्या वाळूत आहे. किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे, तोंडवळी-वायंगणीकडे कासवं अंडी घालतात, तरी पर्यटक घालतातच. चाक रुतलं की ॲक्सिलरेटर दाबतात. चाक गरगर फिरतं आणि स्वतःचा खड्डा स्वतःच खणतं. भरती वर येऊ लागली की ट्रॅक्टरवाल्याला फोन. खरं तर चाकापुढची वाळू उपसायची, टायरची हवा उतरवायची म्हणजे टेकणारा भाग वाढतो, आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच अलगद सोडायचा. बर्फात हवा उतरवायची नाही, बाकी कृती तीच.

एबीएसबद्दल एक सांगायला हवं. आपल्याकडे एप्रिल 2019 पासून प्रत्येक नव्या मोटारीत ते असतं. जोरात ब्रेक दाबला की पायाखाली टरटरतं, आणि काहीतरी मोडलं असं समजून लोक पाय उचलतात. उचलू नका. चाक अडकू न देणं, म्हणजे तुम्हाला वळता येणं, हे त्याचं काम. कमी अंतरात थांबवण्याची हमी त्यात नाही. भुसभुशीत बर्फात आणि खडीवर तर अंतर थोडं वाढतंच, कारण अडकलेलं चाक आपल्यापुढे ढीग साठवून थांबतं, ते एबीएस होऊ देत नाही.

जानेवारीत पुन्हा फोन. इमारतीच्या तळघरातून वर येणाऱ्या उतारावर पुढची चाकं नुसती फिरतात, गाडी चढत नाही. हे तर आमच्या वाडीतल्या घाटीचंच दुखणं. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांना जोर पुढच्या चाकांचा. सपाटीवर इंजिनचं वजन त्यांच्यावर असल्याने ती छान धरतात, पण चढावर वजन मागे सरकतं आणि नेमकी तीच हलकी होतात. मी सांगितलं, ‘‘फिरव गाडी, रिव्हर्समध्ये चढव.’’ मग जोराची चाकं खालच्या बाजूला येतात, वजन त्यांच्यावर पडतं. त्याने मागे कोणी नाही ते बघून उलटी गाडी चढवली. शेजारची एक कॅनेडियन बाई थांबून बघत होती म्हणे, दुसऱ्या दिवशी तिनेही तशीच काढली.