‘मिंचिन ओट’ : कन्नड चित्रपटातील भुरट्या चोराचे चित्रण

प्रस्तावना :

भारतीय चित्रपटसृष्टीत चोर ही व्यक्तिरेखा नवी नाही. तथापि लोकप्रिय चित्रपटातील चोर बहुधा दोन प्रकारचा असतो. एक, श्रीमंतांना लुटून गरिबांना देणारा उदार नायक व दुसरा, केवळ हास्यनिर्मितीसाठी योजलेला पाकीटमार. चोरी हाच ज्याचा रोजचा पोटापाण्याचा व्यवसाय आहे आणि त्या व्यवसायातही जो तळाशीच राहतो, असा सामान्य भुरटा चोर पडद्यावर क्वचितच गांभीर्याने चित्रित झालेला आहे. या दृष्टीने शंकर नाग (१९५४-१९९०) यांनी दिग्दर्शित केलेला ‘मिंचिन ओट’ हा १९८० चा कन्नड चित्रपट महत्त्वाचा ठरतो. ‘मिंचिन ओट’ म्हणजे विजेची धाव. प्रस्तुत लेखात या चित्रपटातील भुरट्या गुन्हेगारीचे स्वरूप, तिची सामाजिक व कायदेविषयक पार्श्वभूमी आणि चित्रपटाचे मराठीशी असलेले नाते यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :

१९७० च्या दशकात कन्नड समांतर चित्रपटाने देशभर मान्यता मिळविली. ‘संस्कार’ (१९७०), ‘चोमन दुडी’ (१९७५) व ‘घटश्राद्ध’ (१९७७) या तीन चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार प्राप्त झाला. या तिन्हींचा विषय खेड्यातील जातिव्यवस्था व कर्मठपणा हा होता. शहरातील गॅरेज, रस्ता, तुरुंग हे विश्व मात्र या प्रवाहाच्या बाहेरच राहिले होते. शंकर नाग यांनी आपल्या पहिल्याच दिग्दर्शनात ते केंद्रस्थानी आणले. १९७९-८० च्या कर्नाटक राज्य पुरस्कारांत प्रथम क्रमांकाच्या चित्रपटाच्या पुरस्कारासह एकूण सात पुरस्कार या चित्रपटास मिळाले.

विषय विवेचन :

टोनी (अनंत नाग) व कट्टे (शंकर नाग) हे दोघे मोटारी चोरणारे तरुण आणि त्यांना साथ देणारा ‘ताता’ म्हणजे आजोबा (लोकनाथ) हा वृद्ध गॅरेजवाला, असे हे त्रिकूट आहे. चोरी, अटक, तुरुंगवास व तुरुंगातून पलायन या टप्प्यांतून कथानक पुढे सरकते.

मोटार हीच चोरीची वस्तू का, हे समजण्यासाठी तत्कालीन अर्थव्यवस्था लक्षात घ्यावी लागते. परवाना पद्धतीमुळे देशात अँबेसेडर, प्रीमियर व स्टँडर्ड अशा मोजक्याच गाड्या तयार होत. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून दीर्घकाळ वाट पाहावी लागे. मारुतीची पहिली गाडी रस्त्यावर आली ती डिसेंबर १९८३ मध्ये. अशा टंचाईच्या काळात जुन्या गाडीलाच नव्हे, तर तिच्या सुट्या भागांनाही गिऱ्हाईक होते. मात्र चोरलेली गाडी जशीच्या तशी विकता येत नाही. नंबरप्लेट बदलणे, रंग देणे, इंजिन व चॅसिसचे क्रमांक खोडणे, भाग सुटे करणे ही कामे कुशल मेकॅनिकशिवाय होत नाहीत. त्यामुळे मोटारचोराला गॅरेज आवश्यकच ठरते. ‘ताता’ची व्यक्तिरेखा म्हणूनच भावनिक आधारापुरती मर्यादित नाही, ती या व्यवसायाच्या रचनेतून आलेली आहे. अशा व्यवहारात धोका गाडी उचलणाऱ्याच्या वाट्याला अधिक व नफा मालाची विल्हेवाट लावणाऱ्याच्या वाट्याला अधिक, असा नियम सामान्यतः दिसतो. भुरटा चोर भुरटाच राहण्याचे एक कारण यात सापडते.

दुसरे कारण कायद्याच्या चौकटीत आहे. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७९ नुसार साध्या चोरीस कमाल तीन वर्षांची शिक्षा होती. चोरीचा माल जाणूनबुजून स्वीकारणाऱ्यास कलम ४११ नुसार तितकीच. कायदेशीर कोठडीतून पळून जाण्यास कलम २२४ नुसार दोन वर्षांपर्यंतची शिक्षा असे आणि ती मूळ शिक्षेव्यतिरिक्त भोगावी लागे. (१ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे.) याचा अर्थ असा की, मूळ गुन्हा लहान असला तरी पलायनाचा प्रत्येक प्रयत्न कैद्याची सुटका आणखी लांबवतो. ज्या धावेने मुक्ती मिळावी तीच धाव अधिक खोल बंधनात टाकते. चित्रपटाच्या शीर्षकातील विजेची उपमा येथे अर्थपूर्ण ठरते. वीज लख्ख चमकते, पण क्षणभरच.

मराठीशी अनुबंध :

शंकर नाग यांची जडणघडण मुंबईच्या मराठी रंगभूमीवर झाली. चापेकर बंधूंवरील ‘२२ जून १८९७’ (१९७९) या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा सहभाग होता. अनंत नाग यांनीही मुंबईत मराठी नाटकांतून कामे केली होती. ‘मिंचिन ओट’मधील नायिका प्रिया तेंडुलकर या नाटककार विजय तेंडुलकर यांच्या कन्या होत. विशेष म्हणजे श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’ (१९७४) मध्ये अनंत नाग जमीनदाराचा मुलगा व प्रिया तेंडुलकर त्याची पत्नी होती. त्या चित्रपटात ताडी चोरणाऱ्या गरीब किष्टय्याची गावासमोर विटंबना होते. चोराला शासन करणाऱ्या वर्गाचा प्रतिनिधी रंगविणारा नट सहा वर्षांनी स्वतःच चोराच्या भूमिकेत उभा राहिला. दोन्ही चित्रपट एकत्र पाहिले असता चोरीकडे वरून व खालून पाहण्यातील अंतर स्पष्ट होते.

निष्कर्ष :

१) ‘मिंचिन ओट’ने कन्नड समांतर चित्रपटाचा आशय खेड्याकडून शहरातील तळच्या थराकडे वळविला.

२) चित्रपटातील चोर उदात्त नाही व हास्यास्पदही नाही, तो एका तुटपुंज्या व्यवसायातील कारागीर आहे.

३) ‘ओम’ (१९९५), ‘आ दिनगळु’ (२००७) यांसारख्या पुढील कन्नड गुन्हेपटांत संघटित टोळी व तिची दहशत केंद्रस्थानी आली. तेथे प्रश्न सत्तेचा आहे. येथे तो सुटकेचा आहे.

गुन्ह्याचे समर्थन न करताही गुन्हेगाराचे माणूसपण जपता येते, हे या चित्रपटाने दाखवून दिले. लहान चोरीची मोजावी लागणारी किंमत चोरीहून मोठी का ठरते, हा त्याने उभा केलेला प्रश्न आजही विचार करावयास लावणारा आहे.