पगाराची भावकी

महाडच्या एमआयडीसीत पगार झाला की बाजारपेठेत उधारीच्या वह्या उघडतात. पोलादपूरच्या वाड्यांवर तर पगार वर्षानुवर्षं मुंबईहूनच येत गेला, चाकरमान्यांच्या मनिऑर्डरीने. इतका घरचा झालेला हा शब्द मुळात पोर्तुगीज आहे. त्या भाषेत ‘पगार’ हे क्रियापद आहे, पैसे चुकते करणे या अर्थाचं. आपल्याच जिल्ह्यातलं रेवदंडा १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं आणि समोरच्या कोर्लईत पोर्तुगीजमधून घडलेली बोली आजही बोलली जाते.

पोर्तुगीज ही लॅटिनची लेक. लॅटिनमध्ये ‘पाक्स’ म्हणजे शांती, तह. त्यावरून ‘पाकारे’ म्हणजे शांत करणे. सावकार शांत होतो तो पैसे मिळाल्यावर, म्हणून पुढे त्याचा अर्थ पैसे देणे असा झाला. मराठीलाही ही वाट ठाऊक आहे. आपण तहान भागवतो तसं देणंही भागवतो. ‘पाकारे’चं इटालियनमध्ये ‘पगारे’ झालं, फ्रेंचमध्ये ‘पेये’ आणि तिथून इंग्रजीत ‘पे’. रुमानियनमध्ये मात्र याच मुळाच्या क्रियापदाचा अर्थ आजही समेट घडवणे असाच आहे. अर्थाची जुनी खूण अशी एखाद्या लांबच्या बहिणीकडे सापडते, तेव्हा फार आनंद होतो.

मग ‘क’चा ‘ग’ कसा झाला? स्वर उच्चारताना स्वरतंतू कंप पावतात. दोन स्वरांमध्ये ‘क’ आला की तो कंप थांबवून पुन्हा सुरू करावा लागतो. तो चालूच राहिला की ‘ग’ ऐकू येतो. मुकुटाचा मुगुट आणि प्रकटचं प्रगट याच कारणाने झालं. फ्रेंचमध्ये ते व्यंजन पार विरघळलं, जसं ‘सूचि’तलं ‘च’ गळून आपली सुई झाली.

याहून मागे गेलं की गोष्ट थेट संस्कृतपर्यंत पोचते. लॅटिनमध्ये जिथे ‘क’, तिथे संस्कृतात बरेचदा ‘श’ दिसतो: ‘देकेम’ आणि दश, ‘केंटुम’ आणि शत. त्याच नियमाने ‘पाक्स’शी जुळतो आपला ‘पाश’. दोन्हींच्या मुळाशी घट्ट बांधणे या अर्थाचा एकच आदिम धातू असल्याचं भाषाशास्त्रज्ञ मानतात. रोमनांनी त्यातून दोन पक्षांना बांधणारा तह घडवला, संस्कृतने दोर आणि फास.