मैदानाबाहेरचा फुटबॉल (लेखांक 11) : दुसरे पाच टक्के

पुणं पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. तिथले चार क्लब एका दशकात कसे गुंडाळले गेले ते आज सांगायचं ठरलं होतं. पण मधेच जरीपटक्याच्या एका वाचकाचा फोन आला आणि त्यांच्या प्रश्नाने अख्खा आठवडा खाल्ला. ते म्हणाले, "भाऊ, डॅलस आणि फिलाडेल्फियाच्या अकादम्यांचं एवढं लिहिता, पण 'झुंड'मधले आपले पोट्टे पुढे कोणत्या क्लबात गेले ते सांगा ना."

उत्तर एका ओळीचं आहे. ती सगळी खटपट क्लबात जाण्यासाठी नव्हतीच. हिस्लॉप कॉलेजात क्रीडा विषय शिकवणाऱ्या ज्या विजय बारसेंवर 'झुंड' सिनेमा बेतला आहे, त्यांनी भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं पाहिली, त्यांच्या हाती बॉल दिला आणि 2001 पासून 'स्लम सॉकर' उभं राहिलं. पोरं मैदानावर असतील तितका वेळ भलत्या नादाला लागणार नाहीत, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. त्यांच्यातलाच अखिलेश पॉल 2010 साली रिओला भारताचा कर्णधार म्हणून गेला तो होमलेस वर्ल्ड कपमध्ये. तिथे एका बाजूला चारच खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव आणि 22 बाय 16 मीटरचं मैदान असतं. शिवाय एक नियम असा, की कुठल्याही खेळाडूला ही स्पर्धा आयुष्यात एकदाच खेळता येते. पुढल्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी संधी मिळावी, म्हणून. व्यावसायिक खेळाडू घडवणाऱ्याला असला नियम परवडेल का? अखिलेश परत येऊन कोच झाला, आणि त्या योजनेत यश म्हणतात ते यालाच. 2016 साली फिफाने 'स्लम सॉकर'ला पुरस्कार दिला तोही सर्वसमावेशकतेसाठी, खेळाडू विकण्यासाठी नव्हे.

सिनेमाचं म्हणाल, तर नागपूरच्या अंकुश गेडामला 'झुंड'साठी पदार्पणाचं फिल्मफेअर मिळालं. म्हणजे आपल्या गल्लीतून मुंबईच्या पडद्यापर्यंत वाट निघाली, मुंबईच्या क्लबापर्यंतची अजून निघायची आहे.

फोन ठेवला तरी प्रश्न काही सुटेना. समजा, कामठीचा एखादा पोरगा खरंच वर गेला. रब्बानी क्लबात दहा वर्षं घासलेला, मग कुठल्या तरी आयएसएल संघात, तिथून परदेशात. त्याला बाराव्या वर्षी उजव्या पायाची खोड मोडून डावा पाय वापरायला ज्याने शिकवलं, त्याच्या क्लबाला काय मिळेल? हा माझा जुना नाद आहे. नेहमीच्या वाचकांनी आजच्या पुरता सोसावा.

नागपुरात कुठल्याही मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या आईबापांना विचारा, पाच टक्के म्हटलं की त्यांना एकच गोष्ट आठवते. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं आरक्षण. आणि त्यात गैर काही नाही. आपल्या लीगमधले कितीतरी चांगले खेळाडू रेल्वेच्या किंवा पोलिसांच्या नोकरीवर संसार चालवतात. शिपाई का होईना, पण पक्की नोकरी, हे बापाचं गणित फुटबॉलच्या कुठल्याही करारापेक्षा भरवशाचं आहे. अमेरिकेत बाप मुलाच्या कॉलेजच्या स्कॉलरशिपकडे डोळे लावून बसतो, आपल्याकडचा स्पोर्ट्स कोट्याकडे. दोघांच्याही डोळ्यांसमोर क्लब नसतो.

दुसरे पाच टक्के मात्र फारसं कुणाला माहीत नसतात. फिफाचा नियम असा. करार शिल्लक असलेला खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबाकडे गेला, की जी रक्कम ठरते तिच्यातले पाच टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का, सोळा ते तेवीस या वयातल्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. पहिल्या चार वर्षांचा एक टक्का आणि पुढच्या आठ वर्षांचे चार. आणि हे एकदाच नाही, पुढे तो जितक्या वेळा असा विकला जाईल तितक्या वेळा.

पाव टक्का ऐकून हसू येतं, म्हणून एक हिशेब मांडतो. जानेवारी 2022 मध्ये रिकार्डो पेपी हा एल पासोकडचा पोरगा एफसी डॅलसकडून जर्मनीच्या ऑग्सबर्गला गेला, सुमारे 2 कोटी डॉलरला. एवढ्या रकमेचा पाव टक्का म्हणजे 50 हजार डॉलर, आपले चाळीस लाखांच्या आसपास. एका पोराला एक वर्ष शिकवल्याचे. आपल्या जिल्ह्यातल्या क्लबाला बॉल, जाळ्या, जर्सी आणि मैदानाचं भाडं यासाठी तेवढ्यात किती वर्षं काढता येतील, ते सचिवांनीच सांगावं.

आता गंमत पाहा. ज्या अमेरिकेत प्रत्येक गोष्टीचा करार आणि प्रत्येक कराराचा वकील असतो, तिथेच हा नियम वर्षानुवर्षं पाळला जात नव्हता. तिथला महासंघ जुन्या खटल्यांचा आणि कायद्याच्या अडचणींचा हवाला देऊन हात झटकायचा. डीआंद्रे येडलिन सिअॅटलहून टॉटनहॅमला गेला तेव्हा वॉशिंग्टन राज्यातल्या क्रॉसफायर प्रीमियर या पोरांच्या क्लबाने आपला वाटा मागितला, आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळत राहिलं. डॅलसच्या चाहत्यांची जखम वेगळी. वेस्टन मॅकेनी तिथल्या अकादमीत लहानाचा मोठा झाला आणि 2016 साली व्यावसायिक करार न करताच शाल्केला निघून गेला. पुढे तो युव्हेंटसला पोचला, पण जाताना डॅलसच्या हाती छदाम लागला नाही. असं झालं की चाहते कुरकुरतात ते पैशासाठी नाही. "घडवायचं आम्ही आणि मिरवायचं दुसऱ्यांनी, मग मालक अकादमीवर खर्च करेल कशाला?" ही त्यांची भीती असते, आणि ती रास्त आहे. शेवटी 2019 च्या एप्रिलमध्ये एमएलएस या तिथल्या लीगने जाहीर केलं, की इथून पुढे हे पैसे आम्ही मागणार. तेव्हा विरोध कुणी केला? खेळाडूंच्याच संघटनेने. घडवण्याचे पैसे मागितले की विकत घेणारा बिचकतो आणि पोराची संधी जाते, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे, तो मला पटतो. अमेरिकेत पोराला क्लबात घालायचं म्हणजे बापाने वर्षाला हजारो डॉलर मोजायचे. फी घेऊन शिकवलंत, तर तुमचा हिशेब तेव्हाच चुकता झाला, मग वाटा कसला? पण हाच मुद्दा नागपुरात आणून पाहा, उलटा फिरतो. इथे फी कोण घेतं? रेल्वेतली ड्यूटी उरकून आलेला माणूस अंधार पडेपर्यंत पोरांना पळवतो, वर स्वतःच्या खिशातून बुटांना तळवे लावून देतो. पाव टक्क्यावर हक्क सांगावा तो त्याने.

सांगेल मात्र कशाच्या जोरावर? खरी मेख इथे आहे.

आपण कागदाच्या बाबतीत आळशी आहोत, असं अजिबात नाही. मैदानावर पोराच्या आईकडे ती प्लास्टिकची फाइल बघा. जिल्हास्तर, विभागीय, शालेय राज्यस्तर, एकेक प्रमाणपत्र वेगळ्या कप्प्यात, दोन-तीन लॅमिनेट केलेली. निळा गोल शिक्का, त्यावर तिरकी सही, नावातली वेलांटी चुकलेली आणि ती दुरुस्त करून घ्यायला मारलेल्या चकरा. दहावीच्या वाढीव गुणांसाठी आणि पुढे कोट्यासाठी हा जुडगा जिवापाड जपला जातो. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात गाजल्यापासून तर पडताळणीचा धसका इतका, की मूळ प्रत कुणी हातची सोडत नाही.

पण त्या प्रमाणपत्रावर काय असतं? पोरगा कुठली स्पर्धा, कुठल्या शाळेकडून खेळला आणि कितवा आला. त्याला शिकवलं कुणी, कुठल्या साली, हे त्यावर कुठेच नसतं. जिंकल्याचा पुरावा आहे, घडवल्याचा नाही.

क्लबाकडे तरी असेल? एका क्लबाची वही मी मांडीवर घेऊन पाहिली आहे. क्लबाचं नाव सांगत नाही, माणसं भली आहेत. लाल पुठ्ठ्याची, दोनशे पानी. पहिल्या पानावर हळदीकुंकवाचं बोट. आत तारखा आणि त्याखाली नावं : छोटू, मोठा छोटू, बाबू दहा नंबर, गोली, गोलीचा भाऊ. पुढे पन्नास रुपये जमा, कुठे "उद्या देतो". जन्मतारीख एकाचीही नाही, आडनाव दोघातिघांचं. उद्या 'गोलीचा भाऊ' बेल्जियमला विकला गेला, तर ही वही घेऊन कोण कुठे जाणार?

फिफा बघते ते खेळाडूचा पासपोर्ट. परदेशवारीचा नव्हे, नोंदणीचा. बाराव्या वर्षापासून तो कुठकुठल्या क्लबाकडे नोंदलेला होता, कधीपासून कधीपर्यंत, याची यादी. ही यादी राष्ट्रीय महासंघाच्या नोंदींवरून बनते. 2022 च्या नोव्हेंबरपासून तर पॅरिसमध्ये फिफाचं क्लिअरिंग हाउसच सुरू झालं आहे. पैसे तिथून परस्पर वाटले जातात, म्हणजे भांडायचीही गरज नाही. फक्त नाव यादीत हवं. आपल्याकडे अखिल भारतीय महासंघाची सीआरएस नावाची ऑनलाइन नोंदणी आहे. लीग खेळणारे क्लब मोठ्या पोरांची नावं तिच्यात भरतात, स्पर्धेत उतरवायची असतात ना. राहतात ती बारा-तेरा वर्षांची, जी अजून कुठल्याच सामन्यात नाहीत आणि नुसती रोज संध्याकाळी येतात. पाव टक्का नेमका त्यांच्यावर असतो.

शाळांची भानगड आणखी वेगळी. हक्क मिळतो तो संघटनेशी संलग्न क्लबाला. आपल्याकडे बारा ते सोळा या वयातला बराचसा फुटबॉल शाळेच्या नावावर खेळला जातो, सुब्रतो कपची तयारी हेच त्याचं वर्षाचं वेळापत्रक. पीटीचे सर जीव तोडून शिकवतात आणि खेळाडूच्या पासपोर्टात ती चार वर्षं कोरी राहतात. सरांनी शाळेच्या जोडीला एक छोटा क्लब जिल्हा संघटनेकडे नोंदवला तर? मला यात अडचण दिसत नाही, मुख्याध्यापकांना दिसेल कदाचित.

जरीपटक्याचे वाचक यावर म्हणतील, आणि फोनवर म्हणालेच, की नागपूरचा पोरगा परदेशात विकला जाणार कधी आणि तुम्ही टक्के मोजणार कधी! बरोबर आहे. भारतातले जे मोजके खेळाडू युरोपात गेले त्यातल्या संदेश झिंगनसारख्यालाही क्रोएशियाच्या क्लबाने फुकटच घेतलं. शून्याचे पाच टक्के शून्यच. पण नियमाची दुसरी बाजूही बघा. देशातल्या देशात पोराला घडवणाऱ्या क्लबाला मोबदला मिळेल अशी काही तरी पद्धत प्रत्येक राष्ट्रीय महासंघाने ठेवावी, असं फिफाचं बंधन आहे. म्हणजे पोरगा ऑग्सबर्गला नाही, गोव्याला नाहीतर जमशेदपूरला गेला तरी प्रश्न उभा राहतो. आणि या बाबतीत भारतात कुणी जागं नव्हतं असंही नाही. पंजाबच्या मिनर्व्हाने पोरं घडवली, 2017-18 ची आय-लीग जिंकली, आणि घडवलेल्या पोरांच्या पैशासाठी मोठ्या क्लबांच्या मागे तगादाही लावला. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताचा पहिला गोल करणारा जॅक्सन सिंग त्याच अकादमीतला. मिनर्व्हाची भांडखोर म्हणून बदनामी झाली. मला विचाराल तर भारतीय फुटबॉलला अशी आणखी दहा भांडखोर माणसं हवीत.

पैशाचं सोडा, नोंद नसण्याचा तोटा आज, आत्ता होतो. एखादा स्काउट कोल्हापूरला जातो, कारण तिथे शाहू स्टेडियमवर हजारोंनी माणूस येतो आणि तालमीगणिक कोण कुणाचा हे गावाला पाठ असतं. अनिकेत जाधव तिथला. तो बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीतून 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकापर्यंत पोचला. नागपुरात स्काउट आलाच, तर त्याला दाखवायला काय आहे? कोणता पोरगा किती साली आला, किती वाढला, कुठल्या जागेवर खेळायचा, गुडघा कधी दुखावला, एवढं लिहिलेलं चार पानं तरी? अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया युनियनने अकादमीतल्या पोरांसाठी शाळाच काढली. ब्रेंडन आरन्सन तिथून ऑस्ट्रियाला गेला तो त्याच्या वाढीची वर्षानुवर्षांची नोंद घेऊन. शाळा काढायला पैसा लागतो. वहीला साठ रुपये.

तेव्हा नागपूर, कामठी आणि आसपासच्या क्लबांच्या सचिवांना विनंती. या पावसाळ्यात मैदानावर येणाऱ्या प्रत्येक पोराचं आडनावासकट पूर्ण नाव, जन्मदाखल्यावरची तारीख, येऊ लागल्याचा महिना आणि सोडल्याचा महिना एवढ्या चार गोष्टी लिहून ठेवा. बारावं लागलेल्यांची नावं जिल्हा संघटनेमार्फत नोंदवून घ्या, सामना असो वा नसो. कुणी हे आधीपासून करत असेल तर मला जरूर कळवा, त्यांची वही पाहायला मी स्वतः येईन. आणि पुण्याचं पुढच्या आठवड्यात नक्की. एफसी पुणे सिटी 2019 साली बंद झाला तेव्हा त्याच्या अकादमीतल्या पोरांच्या नोंदींचं काय झालं, तिथूनच सुरू करू.