जालन्याचा उन्हाळा आणि ट्रान्झिस्टरचा सूर

घरी जोडलेला ॲम्प्लिफायर चांगला झाला की नाही हे पाहायला बहुतेक मंडळी त्यावर एखादे दणदणीत गाणे लावतात. माझे सांगणे असे, की बँड राहू द्या, तंबोरा लावा. आणि तोही अगदी हळू. ढोलताशांच्या गदारोळात वाटेल तो दोष दडून जातो. पण तंबोऱ्याची तार छेडल्यावर तिचा झंकार विरत जाताना शेवटी शेवटी चरचर ऐकू आली, जणू कुणी वाळूवर पाऊल घासले, तर पहिला संशय ट्रान्झिस्टरच्या बायसवर घ्यावा.

बायस हा शब्द पाहून कुणी पान उलटू नये. ज्यांनी घरी जाते पाहिले आहे त्यांना तो चटकन कळेल. ॲम्प्लिफायरच्या शेवटच्या टप्प्यात बहुधा दोन ट्रान्झिस्टर जोडीने काम करतात. एक आवाजाच्या लाटेची वरची बाजू ओढतो, दुसरा खालची. जात्याशी समोरासमोर बसलेल्या दोघीजणींपैकी एकीने ओढत आणलेला खुंटा दुसरी पुढे नेते, तसेच हे. आता एकीने खुंटा सोडला आणि दुसरीने अजून धरलाच नाही, तर जाते अडखळणारच. ट्रान्झिस्टरही थोडा दाब मिळाल्याखेरीज जागा होत नाही. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरला ०.२ ते ०.३ व्होल्ट पुरतात, सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरला ०.६ ते ०.७ लागतात. बायस न देता सिलिकॉनची जोडी लावली, तर दोघांच्या मध्ये सव्वा व्होल्टाचा निद्रिस्त पट्टा राहतो आणि हळुवार आवाज नेमका त्यात सापडतो. म्हणून गाणे चालू नसतानाही दोघांमधून किंचित प्रवाह वाहता ठेवायचा. दोघींनीही खुंट्यावर हात ठेवूनच बसायचे!

हा प्रवाह किती ठेवायचा, इथे जालना आडवे येते.

पुस्तकांतले नकाशे विलायतेतले, खोलीचे तापमान २५ अंश धरून काढलेले. आमच्याकडे वैशाखात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर विचारूच नका. ट्रान्झिस्टरला जागे व्हायला लागणारा दाब दर अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. शिवाय जर्मेनियममधून आपोआप झिरपणारा प्रवाह साधारण दर १० अंशांना दुप्पट होतो. म्हणजे २५ अंशांवर जेवढा, त्याच्या चौपट ४५ अंशांवर. प्रवाह वाढला की ट्रान्झिस्टर तापतो, तापला की प्रवाह आणखी वाढतो. या दुष्टचक्राला आवर घातला नाही तर शेवटी ट्रान्झिस्टर जळतो.

१९७८ सालची गोष्ट. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. आपला जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडावा लागला. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून यायचे, तेही कुणी मनमाडमार्गे मुंबईला निघाले तर. शेजारच्या वाड्यातल्या एका कॉलेजकुमाराने एसी १२७ आणि एसी १२८ या जर्मेनियमच्या जोडीचा लहानसा ॲम्प्लिफायर केला होता. डिसेंबरच्या थंडीत, रात्री, चरचर नाहीशी होईपर्यंत त्याने बायस वाढवला. आवाज असा गोड निघाला, की त्याचे आजोबा रोज रात्री खुर्ची ओढून ऐकायला बसू लागले. रामनवमीला वाड्यातल्या सगळ्यांना गीतरामायणाची तबकडी ऐकवायची असा बेत ठरला. रामनवमी म्हणजे चैत्र! भर दुपारी सुधीर फडक्यांचा स्वर हळूहळू फाटू लागला, ट्रान्झिस्टरला बोट लावेना आणि तिसऱ्या गाण्याला सगळे मुके झाले. आजोबा काही बोलले नाहीत, पण खुर्ची उचलून आत गेले. पोराचा चेहरा पाहवेना.

दुसऱ्या दिवशी तो सारे सामान घेऊन माझ्याकडे आला. आम्ही एसएल १०० आणि एसके १०० ही सिलिकॉनची जोडी घेतली. एसी १२८ ने पोटात ९० अंशांच्या पुढे जाऊ नये. धातूच्या टोपीतले हे सिलिकॉन दीडशेपर्यंत दम धरतात आणि त्यांच्यातून झिरपणारा प्रवाह नगण्य. पण नुसती जात बदलून भागत नाही. बायससाठी दोन सिलिकॉन डायोड लावले आणि ते ट्रान्झिस्टरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीलाच चिकटवले. पट्टी तापली की डायोडवरचा दाबही त्याच प्रमाणात उतरतो आणि बायस आपोआप आवरला जातो. प्रत्येकाच्या एमिटरला अर्ध्या ओहमचा रोधक दिला. तो लगामाचे काम करतो.

पहिल्या टप्प्याचे शास्त्र वेगळे. तिथे बीसी १४८ किंवा कमी खरखरीचा बीसी १४९ घालत. एकाच नावाच्या दोन नगांत एकाची वाढवण्याची ताकद दीडशे, तर दुसऱ्याची चारशे निघे. म्हणून बेसला एकच रोधक न देता दोन रोधकांची वाटणी द्यावी आणि एमिटरला लगाम ठेवावा. ९ व्होल्टांवर कलेक्टरला साडेचारच्या आसपास मिळाले म्हणजे लाटेला वर-खाली सारखी जागा.

जर्मेनियमचा आवाज अधिक गोड, असे म्हणणारे अजूनही भेटतात. माझ्या मते त्या गोडव्यात निम्मा वाटा असा, की त्या जुन्या ट्रान्झिस्टरांना वरच्या पट्टीतले बारकावे पुरते झेपतच नसत. दुसरे म्हणजे त्यांचा निद्रिस्त पट्टा लहान, त्यामुळे कमी बायसवरही ते कमी चरचरत. सुरुवातीचे सिलिकॉन ॲम्प्लिफायर बदनाम झाले ते पुष्कळदा बायसच्या कंजूषपणाने. यावर जॉन लिन्सली हूड यांनी एप्रिल १९६९ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात जालीम उपाय दिला: दोघांनाही सतत पूर्ण जागे ठेवायचे. खुंटा कुणी सोडतच नाही, मग अडखळणे कुठले? पण १० वॅट आवाजासाठी ३० वॅटच्या वर वीज सदोदित खर्चायची. मे महिन्यात जालन्यात ही शेगडी घरात कोण पेटवील?

आजच्या तयार चिपांच्या पोटात ही व्यवस्था केलेलीच असते. पण माळ्यावर असा जुना घरगुती संच असेल, तर दिवाळीनंतर एका संध्याकाळी खाली काढा. घरच्या विजेवर चालणारा असेल तर जाणत्याला जोडीला घ्या. आवाज शून्यावर ठेवून अर्धा तास चालू ठेवा आणि मग अर्ध्या ओहमच्या रोधकावर मीटर लावा. १० मिलिव्होल्ट आले म्हणजे २० मिलिअँपिअर; एवढ्याशा जोडीला तेवढे पुरे. वैशाखात भर दुपारी पुन्हा एकदा मोजा. १० चे ३० झाले असतील, तर डायोड पट्टीपासून सुटला आहे का ते आधी पाहा.

त्या वाड्यात पुढच्या रामनवमीला तबकडी दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजली. आजोबांची खुर्ची ॲम्प्लिफायरच्या इतकी जवळ होती, की पट्टीला हात लागेल म्हणून पोराला ती दोनदा मागे सरकवावी लागली.