थंड पाण्यातील ऊब

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया राज्यात, माँटेरेचा उपसागर आहे. या उपसागरात केल्प या महाकाय शैवालाची अरण्ये आहेत. तळाच्या खडकांना घट्ट धरून हे शैवाल थेट पृष्ठभागापर्यंत वाढते. त्याच्या पात्यांमधून झिरपणारा सूर्यप्रकाश, मधूनच डोकावणारा सील, वर तरंगणारी सागरी पाणमांजरे हे सारे पाहण्यासाठी पाठीवर हवेची टाकी बांधून पाणबुडे येथे उतरतात. मात्र या सौंदर्याला एक अट आहे. येथील पाण्याचे तापमान बहुतेक काळ १० ते १५ अंश सेल्सियसच्या दरम्यान असते. मालवणजवळ तारकर्लीच्या उबदार समुद्रात पातळ पोशाख घालून बुडी मारणाऱ्याला तोच पोशाख येथे काही मिनिटांतच अपुरा वाटू लागेल.

मानवी शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते. पाणी हवेपेक्षा वीस ते पंचवीस पट अधिक उष्णतावाहक आहे. त्यामुळे ज्या तापमानाची हवा केवळ गार वाटते, त्याच तापमानाचे पाणी शरीरातील उष्णता झपाट्याने हिरावून घेते. प्रथम बोटे बधिर होतात. नळीची झडप किंवा पट्ट्याची कडी हाताळणे अवघड होते. मग अंग थरथरू लागते आणि विचारही मंदावतात. पाण्याखाली जिथे प्रत्येक निर्णय अचूक घ्यावा लागतो, तिथे ही मंदता जिवावर बेतू शकते. म्हणूनच पाणबुड्याचा पोशाख ही हौसेची नव्हे, तर सुरक्षिततेची बाब होय.

पूर्वी पाणबुडे रबराचे बंद पोशाख घालून आत लोकरीचे कपडे घालत. पोशाख फाटला की पाणी आत शिरे आणि ऊब संपे. १९५१ च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. उबदार राहण्यासाठी कोरडे राहण्याची आवश्यकता नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. उष्णता रोखण्याचे काम वायू करतो. तो वायू पोशाखाच्या कापडातच कोंडून ठेवला, तर अंग ओले असले तरी चालेल, असा त्यांचा विचार होता. या विचारातून वेटसूट जन्माला आला. १९३० मध्ये शोधल्या गेलेल्या निओप्रीन या कृत्रिम रबराचा फेस करून तो बनवतात. या फेसात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे असतात. धनगराचे घोंगडे लोकरीच्या तंतूंमध्ये हवा अडवून ऊब देते. वेटसूटमागील तत्त्व त्याहून वेगळे नाही.

वेटसूट आणि त्वचा यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो. शरीर त्याला तापवते आणि तो थर जागच्या जागी राहिला, तर ऊबही राहते. पोशाख ढगळ असेल, तर प्रत्येक हालचालीबरोबर तापलेले पाणी बाहेर जाते व थंड पाणी आत येते. ते पुन्हा तापवण्यासाठी शरीराला स्वतःची उष्णता खर्चावी लागते. म्हणूनच जाड पण सैल पोशाखापेक्षा किंचित पातळ पण अंगासरसा पोशाख अनेकदा अधिक उबदार ठरतो. आपल्याकडे मुलांचे कपडे 'वाढत्या अंगाचे' शिवण्याची रीत आहे. ती काटकसर येथे उपयोगाची नाही.

वेटसूट निवडताना तो अंगावर घालून पाहणे अगत्याचे असते. कोरड्या अंगावर तो चढवताना थोडे कष्ट पडणारच. काखा, कंबरेची मागची बाजू, जांघा आणि गुडघ्यांची मागची बाजू येथे पोकळी राहू नये. सुरकुती म्हणजे पाण्याला मिळालेली वाटच होय. मनगटे, घोटे आणि मान येथे पोशाख चापून बसावा. परंतु तंगपणालाही मर्यादा आहे. छाती भरून श्वास घेता यावा, हात डोक्यावर नेता यावेत, उकिडवे बसता यावे. मानेजवळ पोशाख फार आवळत असेल, तर तेथील रक्तवाहिन्यांवर दाब येऊन भोवळ येऊ शकते. तयार मापांपैकी एकही नीट बसत नसेल, तर स्वतःच्या मापाने पोशाख शिवून घेणे श्रेयस्कर.

शिवणही तपासावी लागते. साध्या शिवणीत सुई कापडाच्या आरपार जाते आणि त्या छिद्रांतून पाणी झिरपते. थंड पाण्यासाठी कडा चिकटवून, सुई आरपार जाऊ न देता शिवलेला पोशाख निवडावा.

जाडीचा विचार पाण्याच्या तापमानावरून करतात. ढोबळमानाने उबदार पाण्यात ३ मिलिमीटर, मध्यम थंड पाण्यात ५ आणि माँटेरेसारख्या ठिकाणी ७ मिलिमीटर जाडी लागते. सोबत हातमोजे, पायमोजे आणि कुंचीप्रमाणे डोके व मान झाकणारे हूडही हवे. पाणी १० अंशांहून थंड असेल, तर पाणी आत येऊच न देणारा ड्रायसूट अधिक योग्य ठरतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, तर ३० मीटरवर चौपट होतो. त्या दाबाने निओप्रीनमधील बुडबुडे आकसतात. पोशाख पातळ होतो, त्याची ऊब घटते आणि तरंगण्याची शक्तीही कमी होते. म्हणजे जिथे उबेची गरज अधिक, तिथेच ती कमी मिळते. वर्षानुवर्षे वापरलेल्या पोशाखातील बुडबुडे कायमचे दबतात. म्हणून जुना पोशाख घेताना त्याचा मऊपणा व जाडी पाहावी. वापरानंतर तो गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा.

सर्वोत्तम वेटसूटही ऊब निर्माण करत नाही. शरीराची ऊब तो फक्त राखून ठेवतो. ती संपत आल्याची सूचना थरथरत्या अंगाकडून मिळते. ती मिळताच सोबत्याला खूण करून शिस्तीने वर येणे, हे योग्य पोशाख निवडण्याइतकेच शहाणपणाचे आहे. केल्पचे अरण्य उद्याही तिथेच असते.